बारशाआधीच्या उचक्या

तुमच्या गावात अजून उचक्या चालतात का, की तिथेही बंदी आली? आमच्या वाघोदरीत चैत्रापासून उचकी देऊन काहीही विकत घ्यायला सरकारची मनाई आहे. बंदी घालणाऱ्यांनी आमचा व्यवहार कसा चालतो ते एकदाही नीट ऐकून घेतलं नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

मी घरी ब्लाउज शिवते. ब्लाउज तयार झाला की बाई तो घेऊन घरी जायची, अंगात घालून बघायची, आणि बरा बसला की मनापासून माझी आठवण काढायची. इकडे मशीनवर बसल्या बसल्या मला उचकी लागायची. तिच्या पोटातली उचकी माझ्या पोटात आली, हिशेब मिटला. मग मी भाजीवालीची आठवण काढली की ती भाजीवालीकडे. एक उचकी दोघींना देता येत नाही, कारण दिली की आपल्याजवळ राहत नाही. खोटी आठवण काढली तर समोरच्याला नुसती जांभई येते. समोर बसलेल्याचीही आठवण येत नाही, त्यासाठी आपापल्या घरीच जावं लागतं. आणि उचकी काही चोरून लागत नाही. आळीतल्या चार घरांना ऐकू जाते. कोणाची कुठे गेली हे सगळ्यांना ठाऊक, म्हणून लिहून ठेवायची वेळ कधी आली नाही.

नवी उचकी फक्त तान्ह्या बाळाबरोबर येते. बाळं जन्मल्या जन्मल्या किती उचक्या देतात, तुम्ही पाहिलंच असेल.

उचकी नाहीशी करायची रीत एकच आहे. जिला लागली तिचं नाव आणि जिने आठवण काढली तिचं नाव, अशी दोन्ही नावं कोणी एका दमात मोठ्याने घेतली की पोटातली उचकी विरते. म्हणून आमच्याकडे नावाने हाक मारायची पद्धत नव्हती. मावशी, वहिनी, शेठ, मास्तर, अमक्याची आई, यावर सगळं भागायचं. आता मी नावं घेतली तरी हरकत नाही. विरायचं ते विरून गेलं.

आदेश वाचून दाखवायला नायब तहसीलदार अवचट आले. माणूस सभ्य. कडक इस्त्रीचा सदरा, प्रत्येक वाक्यात ‘कृपया’. मला त्याचाच जास्त राग आला. आरडाओरडा करणाऱ्याला निदान उलटं बोलता येतं.

“उचकीच्या मागे काय आहे?” त्यांनी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर उभं राहून विचारलं. “सोनं आहे? सरकारची हमी आहे? कोणाची सही आहे?”

“आठवण आहे,” मी म्हटलं.

“आठवण ही मालमत्ता होत नाही, ताई.”

“मग तुम्ही बंदी कशावर घालताय?”

बायका हसल्या. अवचट साहेब हसले नाहीत. “उचकी कुठून निघते आणि कुठे पोचते, हे सरकारला कळत नाही. अडचण तेवढीच आहे.”

“आम्हाला कळतं की,” दूध घालणाऱ्या सगुणामावशी म्हणाल्या. “आम्हाला विचारायचं.”

“विचारलं तर सांगाल?”

“छे! तुम्हाला कशाला सांगू?”

तिथून सगळं बिघडलं.

आधी त्यांनी आम्हाला पाणी पाजलं. चौकात मांडव घातला, माठ ठेवले, प्रत्येकाने सात घोट प्यायचे. पाण्याने वरवरची उचकी थांबते, पोटात साठलेली जागची हलत नाही. उन्हाळ्याचे दिवस होते, लोक दोन-दोनदा रांगेत उभे राहिले. सरकारच्या हे ध्यानात आलं तेव्हा मांडव मोडला आणि मतदार यादी आली.

अवचट साहेब दारात खुर्ची टाकून बसायचे आणि त्यांचे कारकून मुरलीधर बनसोडे यादी वाचायचे. माझ्या दारात आले तेव्हा वाचलं, “शालिनीला अनसूयेची. शालिनीला अंबादासची. शालिनीला अंजनीची.” असं पार शेवटच्या पानापर्यंत. घरातली लाडाची नावंसुद्धा शेजारच्या गावच्या पोलीसपाटलाकडून मिळवली होती. ज्या नावाला उचकी विरायची तिथे पोटात कसं व्हायचं सांगू? जिना उतरताना शेवटची पायरी चुकावी तसं. माझ्या शिलाईच्या सगळ्या उचक्या एका सकाळी गेल्या. डोळे बारीक करून काजं केली होती मी त्यांच्यासाठी. बनसोडेंचा घसा बसला म्हणून मी त्यांना आल्याचा चहा दिला. माणूस नोकरीचा, त्याच्यावर काय रागवायचं? पण अवचट साहेबांना मी चहा विचारला नाही. त्यांनी पाणीही मागितलं नाही.

काहीजण सुटले. नदीपलीकडे दुसरं राज्य, तिथे उचक्या अजून चालतात. ज्यांच्या लेकी पलीकडे दिल्या होत्या, त्यांनी पथक आळीत शिरायच्या आत सगळं लेकींकडे आठवून टाकलं. बाकीच्यांचं जे झालं ते मला आजही बोलवत नाही, तरी एक सांगते. समोरच्या लोखंडाच्या दुकानवाल्या भास्करराव लोहकऱ्यांची सून राजश्री. तिची आई गेल्या साली गेली. जाताना तिने लेकीची आठवण काढली होती आणि राजश्रीला उचकी लागली होती. ती उचकी तिने खर्च केली नव्हती. बांगड्या मोडायची वेळ आली तरी केली नव्हती. आमच्या यादीतून मेलेल्यांची नावं कधी काढत नाहीत, राजश्रीच्या माहेरच्या गावचंही तसंच. बनसोडेंनी वाचलं, “राजश्रीला मालतीची.” पोर दिवस भरत आलेली, दाराच्या चौकटीला धरून खाली बसली.

“ती परत द्या,” ती म्हणाली.

“नोंदच नसते ना, वहिनी,” बनसोडे म्हणाले. “परत कशी देणार?”

तेव्हा अवचट साहेब म्हणाले, “कृपया पुढचं नाव घ्या.”

आता वन्संचं सांगते. इंदुमती, माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न झालं त्या सालातच परत आल्या आणि आमच्याकडेच राहिल्या. आमचं घर लहान. वन्सं झोपतात ती जागा म्हणजे स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यामधली वाट. रात्री कोणी पाण्याला उठलं की त्यांचे पाय ओलांडून जातं. पहाटे सगळ्यांत आधी त्यांनाच उठावं लागतं, कारण त्या उठल्याशिवाय चहाचं भांडं चुलीपर्यंत पोचत नाही. भास्कररावांच्या दुकानामागे एक खोली आहे, आळीत उघडणारी. दार सागवानी. वन्संना ती खोली हवी होती. एकदा मी विचारलं, “आमचं काही चुकतं का हो?” तर म्हणाल्या, “तुमचं काही नाही, वहिनी. मला आतून कडी लावून बघायचीये.”

त्यासाठी त्यांनी जन्मभर साठवलं होतं. गावातलं प्रत्येक बाळ वन्संनी न्हाऊ घातलेलं. पाटावर पाय पसरून बसायचं, पोटऱ्यांवर बाळ पालथं घ्यायचं, तेल चोळायचं, ऊन ऊन पाणी घालायचं. घरोघरी त्यांना साडी मिळायची, खोबऱ्याची वाटी मिळायची, आणि उचक्या मिळायच्या. भास्कररावांशी बोलणं होऊन सगळं ठरलं होतं. तेवढ्यात बंदी आली.

पथक वन्संपाशी आलं तेव्हा त्या पायरीवर बसून मुकाट ऐकत होत्या. “इंदुमतीला अनसूयेची. इंदुमतीला अंबादासची.” मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी एकदाही पोटाला हात लावला नाही. यादी संपली. लाडाची नावं झाली. शेजारच्या गावांची यादी झाली. बनसोडेंनी मान हलवली, “साहेब, एकही नाही.”

“पोटात आहेत का?” अवचटांनी विचारलं.

“आहेत की,” वन्सं म्हणाल्या. त्यांना खोटं बोलता येत नाही.

“किती?”

“भरपूर आहेत बाबा.”

साहेबांनी चष्मा काढला. “आजीबाई, तुम्ही काम काय करता?”

“बाळं न्हाऊ घालते.”

“किती मोठी होईपर्यंत?”

“बारशापर्यंत. पुढं त्यांच्या आया घालतात.”

साहेबांनी चष्मा परत घातला. माणूस बुद्धीने कमी नव्हता, हे मी मान्य करते. “बनसोडे, यादी मिटा. आठवण काढणाऱ्या बाळाला तेव्हा नावच नव्हतं.”

“पण आता आहे ना, साहेब? मी याच गावचा. मलाही आत्यांनीच न्हाऊ घातलंय.”

“मग तुमची उचकी त्यांच्या पोटात आहे. घ्या तुमचं नाव.”

बनसोडे संकोचले. “इंदुमतीला मुरलीधरची.”

वन्सं तशाच बसून राहिल्या. मग मायेने म्हणाल्या, “नाही रे बाबा. ती तुझी नाही. ती त्या बाळाची.”

माझ्या मनात आलं, जिंकलो. मी खरंच पदर कमरेला खोचून उठले होते. पण अवचट साहेब फाइल बांधता बांधता थांबले आणि अगदी हळू आवाजात बोलले. “आजीबाई, या तुमच्याकडे राहू द्या. सरकारची हरकत नाही. मात्र यातली एक जरी कोणाला दिलीत, तरी ती तुमची म्हणून त्याच्या पोटात जाईल. तुमचं नाव आमच्याकडे आहे, घेणाऱ्याचंही आहे. त्याच दिवशी विरेल. तेव्हा कृपया जपून ठेवा. वर जाताना घेऊन जा.”

म्हणजे काय झालं, कळलं का तुम्हाला? ज्यांच्या होत्या त्यांच्या काढून घेतल्या, आणि ज्यांच्या काढता आल्या नाहीत त्यांना सांगितलं की वापरू नका. चोरसुद्धा असं करत नाही. चोराला तिजोरी उघडली नाही तर तो निघून जातो, तिजोरीवर बसून राहत नाही.

“साहेब,” मी म्हटलं, “या बाईने तुमच्या कारकुनाची मान सावरली, त्याला अजून ती धरता येत नव्हती तेव्हा. त्याची मजुरी आहे ती. तुम्ही कोण थांबवणार?”

“मी कोणी नाही, ताई. आदेश आहे.”

“मग आदेशाला पाठवा ना उन्हातान्हातून. तुम्ही कशाला येता?”

बनसोडे खाली बघत राहिले. साहेब नमस्कार करून गेले. खरंच, जाताना नमस्कार केला त्यांनी.

वन्सं आणि मी भास्कररावांकडे गेलो. ते पत्र्यावर खिळे निवडत होते. “आत्या, मला तुमच्या उचक्या नकोत असं नाही. नदीपलीकडून माल आणतो मी, तिथे एका उचकीला पोतंभर सिमेंट मिळतंय आता. इकडे बंदी आल्यापासून तिकडे भाव चढलाय. पण तुम्ही माझी आठवण काढलीत की आळी ऐकणार. दुपारच्या आत साहेब दारात. ‘भास्करला इंदुमतीची’, एवढं म्हटलं की मी खोलीला मुकलो आणि उचक्यांनाही.”

“लागलीच त्या पलीकडे कोणाकडे तरी आठवून टाका,” मी सुचवलं.

“तिकडे माझा साडू आहे, वहिनी. साडूच्या भरवशावर मी चहाचा कप सोडत नाही.”

मधल्या दिवसांत राजश्री बाळंत झाली होती, आत तिची मुलगी रडत होती. बारसं दुसऱ्या दिवशी होतं, तोवर आंघोळ वन्संकडेच. त्या आत गेल्या, पाटावर बसल्या, पाय पसरले. मी तांब्याने पाणी द्यायला बसले. राजश्री बाजेवर बसून बघत होती, तिची सासू सुलभाकाकू धुरीसाठी निखारे फुलवत होत्या. बाळाला उचक्या सुरू झाल्या.

“आतडी वाढतायत हो लबाड पोरीची,” सुलभाकाकू म्हणाल्या.

“बाळाच्या उचकीवर बंदी नाही वाटतं?” मी रागातच बोलले.

“कशी घालणार?” राजश्री म्हणाली. “तिला नाव कुठाय अजून?”

पाणी घालता घालता माझा हात थांबला. वन्संचाही थांबला. मुलगी गार पडेल म्हणून त्यांनी लगेच पुन्हा पाणी मागितलं.

राजश्री हळूहळू एकेक शब्द जुळवत होती. “आत्या, तुम्ही घरी जाऊन हिची आठवण काढलीत, तर सगळ्या हिच्या पोटात येतील. साहेब येऊन म्हणणार काय? अमकीला इंदुमतीची. अमकी म्हणजे कोण?”

“उद्या बारसं आहे गं,” सुलभाकाकू म्हणाल्या. “उद्या संध्याकाळी म्हणतील की.”

“नाव ठेवायचं नाही मग.”

“काय बोलतेस! पाळणा आणलाय. हरभरे भिजत घातलेत. नणंद येणार तुझी, ती कानात ‘कुर्र’ करून सांगणार काय?”

“नुसतं ‘कुर्र’ करू दे.”

“शाळेत घालताना?”

“बंदी उठली की घालू.”

“आणि नाही उठली तर? लग्नात? अगं, तांदळात बोटाने काय लिहायचं?”

“आई,” राजश्री म्हणाली, “त्यांनी माझ्या आईचं नाव घेतलं आणि ती गेली. माझ्या लेकीचं घ्यायला मी त्यांना देणार नाही.”

सुलभाकाकूंनी फुंकणी खाली ठेवली. मग म्हणाल्या, “माझी सोनू ती...” आणि स्वतःच तोंडावर हात मारला. लाडाचं नावही चालणार नव्हतं. सोनू नाही, छकुली नाही, चिमणी नाही. एकदा चिकटलं की यादीत जातं.

भास्कररावांना पटायला वेळ लागला. “म्हणजे खोली जाणार माझी, आणि श्रीमंत होणार ही?”

“नात तुमचीच ना?” सुलभाकाकू म्हणाल्या. “मोठी झाली की आजोबांची आठवण काढेल.”

“काढेल का?”

“ते तुमच्यावर आहे. आतापासून जरा गोड बोला.”

त्यांनी किल्ली खुंटीवरून काढून वन्संच्या ओल्या हातात दिली.

वन्सं घरी आल्या आणि त्या वाटेत, आपल्या जागेवर, भिंतीला टेकून बसल्या. मी पोरांना बाहेर काढलं. आठवण काढायला त्यांना कष्ट पडले नाहीत, हातांना अजून बाळाच्या तेलाचा वास होता. समोरून पहिली उचकी ऐकू आली. मग दुसरी. मग आळीतल्या बायका दारांत येऊन उभ्या राहिल्या. सगळ्यांना कळत होतं की कोणाच्या कुठे चालल्यात. जन्मभराचं बारीक बारीक जमवलेलं जात होतं. मधे बाळ थांबायचं, दूध प्यायचं आणि पुन्हा सुरू व्हायचं. शेवटची गेली तेव्हा वन्सं पोटावर हात ठेवून म्हणाल्या, “वहिनी, भूक लागली हो.”

साहेब त्याच दुपारी आले. आळीत अजून आवाज विरला नव्हता.

“धारक कोण?”

“ही,” राजश्रीने बाळ पुढे केलं.

“नाव?”

“नाही.”

“हाक काय मारता?”

“मारत नाही. उचलून घेतो.”

अवचट साहेबांनी फाइल उघडली. रकाना पाहिला. बनसोडेंनी यादी उघडली, मिटली, परत उघडली. त्यांना हसू येत होतं की रडू, मला ओळखता आलं नाही.

“ठीक आहे,” साहेब म्हणाले. “बारसं कधी आहे?”

“उद्या सकाळी. या तुम्ही,” सुलभाकाकू म्हणाल्या. दारात आलेल्याला बारशाला बोलवायचंच असतं.

“येतो. नाव ठेवलं की लगेच वाचू.”

“ठेवलं की,” राजश्री म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अवचट साहेब आणि बनसोडे पहिल्या रांगेत यादी घेऊन बसले. बायकांनी पाळणा म्हटला आणि नावाच्या जागी गप्प राहिल्या, नणंदेने बाळाच्या कानात नुसतं ‘कुर्र’ केलं, सगळ्यांना घुगऱ्या वाटल्या, साहेबांनीही खाल्ल्या. मुलीला नाव ठेवलं नाही. वन्सं बारशाला उशिरा आल्या. खोलीची कडी आतून लावलेली, त्यांना उठवायला कोणी नव्हतं.